पोटाला वेसण आणि कानबाईचा नवस

मला हे सांगायचंच नव्हतं. पण टपरीवरची मंडळी रोज चहाला बोलावतात, आणि पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "नाना, ते देवपूरचं होऊ द्या." एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. आता तेच लोक माझ्यामागे सांगत फिरतात आणि पदरचं तिखटमीठ घालतात. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावं. मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. ज्याला लागत नसेल त्याने वाचू नये.

फजिती झाली. माझीच झाली, आणि माझ्याच तोंडाने झाली. पुढे ऐका.

मी खाणारा माणूस. थोडंथोडकं नाही. थंडीत भरताची पंगत बसली की माझ्यापुढे वाढायला वेगळा माणूस ठेवत. लोक लग्नाची पत्रिका द्यायला आले की आचाऱ्याला सांगत, नाना येणार आहेत, दहा माणसं जास्त धर. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

मग गुडघे गेले. जळगावला गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, गुडघे बदलून काही उपयोग नाही, आधी वरचं ओझं कमी करा. मी म्हटलं, "अहो, ते ओझं नाही, तो मी आहे." त्याने हसून मला पोटाच्या डॉक्टरणीकडे पाठवलं.

डॉक्टरीण म्हणजे एवढीशी पोरगी. माझ्या मांडीएवढी सगळी. तिने कागदावर पोट काढलं आणि त्याच्या वरच्या तोंडाशी एक कडं काढलं. म्हणाली, इथे मऊ पट्टी बसवायची. पोट कापायचं नाही, फेकायचं नाही. पट्टी आवळली की वर वाटीएवढी जागा राहते. ती भरली की माणूस भरला.

मी विचारलं, "बैलाला वेसण घालतात, तशी?"

"तशीच नाना. फक्त दोरी तुमच्याच हातात असते."

मी मनात म्हटलं, बाई, हा बैल तू पाहिलेला नाहीस.

ऑपरेशन झालं. पोटावर चारपाच बारीक टाके, एका जागी कातडीखाली बटणासारखा उंचवटा. बस्स. मग कित्येक आठवडे नुसतं पाणी, ताक, डाळीचं वरचं पाणी. त्यानंतर लहान पोराला भरवतात तसला गिळगिळीत लगदा. मी घरात ताकीद दिली होती की यातलं एक अक्षर दाराबाहेर जाता कामा नये. कारण घरात नात लग्नाची होती, आमची वैशाली. ती नरडाण्याच्या कारखान्यात नोकरीला. तिथलाच एक मुलगा, धुळ्याला देवपुरात राहणारा, तिला पसंत होता आणि तिकडून बोलणी आली होती. आता आजोबाचं पोट फाडलं म्हटल्यावर लोक काय काय रोग जोडतात, तुम्हाला माहीत नाही का? घराण्यात काहीतरी आहे म्हणतील आणि पोरीचं जमलेलं मोडेल. म्हणून सगळ्यांची तोंडं मी बंद केली.

आणि एक दिवस डॉक्टरणीने भाकरी मोकळी केली. डाळीत कुस्करून, बारीक घास, एकेक घास तीस वेळा चावायचा, वरून पाणी नाही.

मित्रहो, तो दिवस मी विसरणार नाही. चतकोर भाकरी ताटात. मला वाटलं थट्टा आहे. पहिला घास तोंडात टाकला आणि मोजायला लागलो. दहापर्यंत ज्वारी. पंधराच्या पुढे ती गोड व्हायला लागली. हो, साखर न घालता गोड! विसाव्याला चुलीचा धूर लागला, पंचविसाव्याला मीठ. त्रेसष्ट वर्षं मी भाकरी खाल्ली म्हणतो, पण आजवर नुसती गिळली होती. तिची गाठच पडली नव्हती. नऊ घासांत पोटाने हात वर केला. मी ताटाकडे बघत राहिलो. अर्धी चतकोर उरली होती आणि मला ती नको होती. माझ्यासारख्या राक्षसाला रबराच्या एका कड्याने एवढ्याशा वाटीत बसवलं होतं. देवळात गेल्यावर होत नाही तसं झालं. मी मुकाट हात जोडले. कोणाला, ते माहीत नाही.

त्याच आठवड्यात देवपूरहून निरोप आला. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली होती, आंबे आले होते. मुलाकडची मंडळी म्हणाली, या, पोरीला घेऊन या, गोड जेवू आणि सोयरीक पक्की करू.

आता आमच्याकडची रीत सांगतो. अशा जेवणाला मुलीकडचा कर्ता माणूस पोटभर जेवला की समजायचं, घर पसंत पडलं. तोंडाने कोणी काही विचारत नाही, ताट बोलतं. आणि ताटात टाकून उठला की तेही ताटच बोलतं.

मी हे विसरलो होतो काय? नाही. मला वाटलं, निभावून नेऊ.

मुलाची आजी ऐंशीच्या पुढची. सगळं घर तिला मोठी माय म्हणतं. अंगणात चूल, चुलीवर पालथं खापर, आणि ही बाई पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवते. बघताबघता छत्रीएवढा मांडा होतो, पलीकडचं दिसेल इतका पातळ. फाटत नाही. मी नुसता बघत उभा होतो. पहिला मांडा माझ्या ताटात पडला. चार घड्या घातल्या तरी ताटाबाहेर. शेजारी आंब्याच्या रसाचा वाडगा, त्यात तूप.

आमची यमुना, म्हणजे माझी बायको, तिकडे चुलीपाशी बायकांत होती. माझ्यासमोर मुलाचा बाप, व्याही होऊ घातलेला माणूस, भला गृहस्थ. त्याचा दुसरा मांडा संपत आला तरी मी तिसऱ्या घासावर. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आजूबाजूचे बघायला लागले. मोठी माय चुलीवरून उठून आली आणि माझ्यासमोर पदर खोचून बसली. मी पाचवा घास उचलला आणि पोटातली वाटी भरली. आतून सांगावा आला, आता एक कण टाकलास तर सगळं परत पाठवू.

मी हात थांबवला. मुलाच्या बापाने दोन्ही हात जोडले.

"नाना, काय चुकनं आम्हनं?"

दाराच्या फटीत वैशाली उभी होती. तिचा चेहरा असा झाला होता की काय सांगू. पोरीचं सगळं त्या ताटावर टांगलेलं. खरं सांगावं, तर रोगी घराणं. गप्प बसावं, तर नापसंती. माझ्या डोक्यात काही नव्हतं. तोंडाने परस्पर सांगून टाकलं:

"चुकनं काही नई. मन्हा नवस शे. कानबाईले बोलेल शे. नातनं लगीन व्हई तव्हलगून मन्हं धान बंद शे. तुम्हना मान म्हणीसन चार घास लिधात."

कानबाई म्हणजे आमची खानदेशची देवी; तिला नवस, आणि नातीचं लग्न होईपर्यंत अन्न बंद! तोंडातून निघालं आणि मीच थक्क झालो.

पंगतीचा रंग पालटला. मुलाचा बाप उठून माझ्या पायाशी वाकला. एवढा खाणारा माणूस आणि नातीसाठी अन्न सोडलं, असं म्हणत एकेक जण येऊन पाया पडायला लागला. मोठी माय मात्र माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, असा नवस लोंबकळत ठेवू नये. सव्वा महिन्यात लग्न उरकू. आणि हळदीच्या दिवशी याच अंगणात, सगळ्यांच्या देखत, नवस फेडायला मी स्वतः यांना अकरा मांडे खाऊ घालीन.

अकरा! मी हसलो. रडता येत नव्हतं म्हणून.

घरी आलो तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभरापूर्वी भाकरी मोकळी झालेली, आणि मी माझ्याच तोंडाने ती पुन्हा बंद करून आलो होतो. लोकांसमोर फक्त दूध, ताक, फळाचा रस. बातमी आमच्याआधी गावात पोहोचली होती.

पोट तर भरायला हवं. मग मी गोठ्यात जेवायला लागलो. यमुना पदराखाली वाटी घेऊन यायची, दारात पहारा द्यायची, आणि मी म्हशीकडे तोंड करून तीस-तीस वेळा चावत बसायचो. नऊ घासांना अर्धा तास. पूर्वी अर्ध्या तासात मी पंगत उठवली असती.

एकदा यमुना पाण्याला गेली आणि शेजारचा धनाभाऊ थेट आत आला. माझ्या तोंडात घास, बाविसावा चावा. घाईत गिळावा तर पट्टी गिळू देत नाही, थुंकावा तर दिसतो. मी वाटी वैरणीखाली सारली, डोळे मिटले आणि तसाच बसून राहिलो. धनाभाऊ बराच वेळ उभा होता. मग त्याने चपला काढल्या, नमस्कार केला आणि उलट्या पावलांनी बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नाना गोठ्यात ध्यान लावतात, आणि त्या वेळी त्यांचे ओठ आपोआप हलतात.

दुसऱ्या दिवशी दोन बायका नारळ घेऊन आल्या. एकीला सुनेसाठी आशीर्वाद हवा होता. माझं वजन उतरत होतं, गाल आत गेले होते, लोक म्हणायचे तेज चढलंय. मी जिना चढायला लागलो तो नवसाचा प्रताप ठरला. इतक्या माणसांना खोटं पचलं, फक्त मलाच पचत नव्हतं. व्याही रोज फोन करून चौकशी करायचे, त्रास होत नाही ना नाना, आणि मागे घरातून कोणीतरी खुदकन हसल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, लग्नघर आहे, हसणारच.

हळदीचा दिवस उजाडला. देवपुरात मांडव, दोन्हीकडची माणसं दाटलेली. मला मधोमध पाटावर बसवलं. मोठी माय स्वतः ताट घेऊन आली. वरून फडकं झाकलेलं, खाली उंच रास. वैशाली हळदीच्या साडीत समोर उभी. मी रास बघितली आणि समजलो की आता दोनच वाटा. खाल्लं तर मांडवात उलटी करून पोरीच्या हळदीला गालबोट लावीन. नाही खाल्लं तर नवस मोडला, अपशकुन झाला, सगळं पोरीच्या कपाळी. खोटं मी बोललो आणि भोगणार ती. ते मला सहन झालं नाही.

मी पाटावरून उठलो. म्हटलं, मंडळी, थांबा. नवस खोटा आहे. मी कानबाईला काही बोललेलो नाही. माझ्या पोटात पट्टी बसवलेली आहे. रोग नाही, फक्त खाण्याला लगाम आहे. दोष द्यायचा तो मला द्या, पोरीला काही म्हणू नका.

एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण मला वाटलं लोकांना पटायचं नाही. म्हणून मी सदरा गळ्यापर्यंत वर केला आणि टाके दाखवले. इकडे वळून दाखवले, तिकडे वळून दाखवले. बटणाचा उंचवटासुद्धा बोट ठेवून दाखवला. एकाने फोनवर फोटो काढला. तो अजून फिरतोय.

मोठ्या मायने शांतपणे ताटावरचं फडकं काढलं. खाली पालथी वाटी, आणि त्या वाटीवर अकरा मांडे रचलेले. प्रत्येक मांडा पळसाच्या पानाएवढा. तसाच पातळ, तसाच आरपार दिसणारा, आत पुरण.

ती म्हणाली, "आम्ही झाकी ठेवं, तुम्हीच उघडं करं."

म्हणजे आम्ही झाकून ठेवलं होतं, उघडं तुम्हीच केलंत. त्या घराला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. पट्टी, चतकोर भाकरी, तीस चावे, सगळं. मोठा माणूस आहे, त्याची त्याने सांगितलेली गोष्ट आपण मोडायची नाही, असं त्या म्हातारीने घरात बजावलं होतं. मोठा मांडा करायला ताकद लागते. पण ऐंशी वर्षांच्या थरथरत्या हातांनी बोटांच्या टोकांवर एवढासा मांडा पसरायचा, तो फाटू द्यायचा नाही, आणि असे अकरा करायचे! पहाटेपासून बसली होती म्हणे. मी दोन खाल्ले. तीस तीस वेळा चावून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मांडव माझे चावे मोजत होता.

माझ्यासारख्याने इतकी वर्षं नुसतं किती खाल्लं तेच मोजलं. वाढणाऱ्याकडे मान वर करून बघितलंच नव्हतं.

लग्न झालं. पोरगी सुखात आहे. मुलाच्या बापाने, बोललो नाही म्हणून माझी माफी मागितली. वैशालीने मागितली. धनाभाऊने मागितली, त्याचा काही संबंध नसताना.

पण पहिल्या दिवशी मी पंगतीत घास मोजत असताना, तिकडे चुलीपाशी बसून हे सगळं मोठ्या मायला सांगितलं कोणी? आणि सांगून झाल्यावर सव्वा महिना गोठ्याच्या दारात पहारा देत मला म्हशीशेजारी जेवायला घातलं कोणी? मी जाब विचारला. तर म्हणते, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मुकाट बसून, चावून, माझ्या हातचं जेवत होता, एकदाही मीठ कमी म्हणाला नाहीत, मी कशाला मोडू?

माफी अजून आलेली नाही. जी ती देणं लागते ती बाई माझ्याच घरात राहते. नाव यमुना.