चौथीचा बुश

माझा मामा नौदलाच्या सुट्या भागांच्या गोदामात एकतीस वर्षं होता. सगळी गोदी त्याला मामाच म्हणायची. त्याच्याइतका तिरसट माणूस मी पाहिलेला नाही. घरात एखादा स्क्रू सापडला, तर तो कुठून निघाला हे कळल्याशिवाय तो जेवायचा नाही आणि आम्हालाही जेवू द्यायचा नाही.

गोदामात माल होता तो एकाच वर्गाच्या पाच विनाशिकांचा. कागदावर पाचही सख्ख्या बहिणी. मामा म्हणायचा, "कागदाचं काय जातंय!" एक खडकाला घासलेली, एकीचं अर्धं इंजिन बदललेलं. चौथीच्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, एका अपघातानंतर घासून बारीक केला होता, त्यामुळे त्यावर बसणारा बुश, म्हणजे धातूची नळीही, तिला केसभर अरुंद लागायचा. तो गोदीतल्याच लेथवर कातायचे. छापील पुस्तकात यातलं अवाक्षर नव्हतं. मामाने प्रत्येक भागाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती: कुणाचा, कधीपासून, का. त्या जहाजांचा खरा इतिहास तेवढाच.

मग नवे साहेब आले. समुद्र त्यांनी बहुधा कॅलेंडरवर पाहिला असावा. "नंबर एक, तर भाग एक. हा काय बाजार मांडलाय?" म्हणत त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या कापायला लावल्या आणि एका नंबरचा माल एका खोक्यात ओतला. मामाने तीन अर्ज केले. तिन्हींवर एकच शेरा: नोंद घेतली. कसली नोंद, डोंबलाची!

तीन महिन्यांनी भर समुद्रात चौथीचा पंप थरथरत फुटला. उकळतं पाणी मेकॅनिकच्या अंगावर आलं, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशी बसली. पंपात नेहमीच्या मापाचा, चौथीला सैल होणारा बुश निघाला. बुशाच्या पावतीवर सही मामाची, आणि साहेब हात झटकून मोकळे! चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अर्जांच्या प्रती शोधल्या आणि मामापुढे आपटल्या.

"उद्या हे त्यांच्या तोंडावर फेक."

त्याने कागदांना हात लावला नाही.

"साहेबाचं चुकलंच," तो म्हणाला. "पण बुश देताना मी आतून अंगठा फिरवला होता. आपल्या लेथवरचा जरा खरखरीत लागतो. हा गुळगुळीत होता."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"कळलं होतं. म्हटलं, बोंबलून घसा सुकला. होऊ दे एकदा यांच्या मनासारखं, म्हणजे डोळे उघडतील."

एवढा राग आता कुणावर काढायचा?

"काल दवाखान्यात गेलो होतो," मामा म्हणाला. "मेकॅनिकची बायको त्याला घास भरवत होती. मला बघून उठली, खुर्ची दिली. म्हणाली, मामा, तुमच्यावर उगाच आळ घेतला हो त्यांनी."