माळवदावरची म्याच

आमच्या कळंबात बायका फुटबॉल बघत नसत. त्या वाळवण घालत. ही दोन्ही कामं एकाच वेळी आणि एकाच जागेवरून व्हायची, एवढंच.

जुनं ग्राउंड आमच्या घराला लागूनच होतं. निजामाच्या राज्यात तिथं घोड्यांची पागा होती म्हणे. मी बघितलं तेव्हा पागा नव्हती, घोडे नव्हते आणि राज्यही नव्हतं. काळ्या मातीची मोकळी जागा तेवढी उरली होती, अन् तिच्या तिन्ही बाजूंनी घरं. घरं सगळी माळवदाची, म्हणजे वर मातीचं सपाट छत. त्यावर आम्ही निजायचो, धान्य वाळवायचो आणि शेजाऱ्यांशी भांडायचोसुद्धा. आमच्या माळवदाला खालाचं माळवद चिकटलेलं, मधे गुडघाभर उंचीची भिंत.

खाला आमची शेजारीण. तिचा नवरा पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत घराबाहेर पडला तो परत आला नाही. लोकांचे कपडे शिवून तिनं एकुलता एक मुलगा वाढवला. तो माझ्या आईला मावशी म्हणायचा, म्हणून मी त्याच्या आईला खाला म्हणायची. बुरख्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही, आणि बुरखा घालूनही सहसा टाकायची नाही. माळवदावर मात्र डोक्यावर ओढणी घेऊन ती राणीसारखी वावरायची.

तिचा मुलगा गावच्या टीमचा गोलकीपर होता. ही टीम माझ्या वडिलांनी उभी केली होती. वडील तहसील कोर्टात वकील होते. हैदराबादला शिकताना त्यांना फुटबॉलचं वेड लागलं आणि ते इथं आल्यावर त्यांनी गावाला लावलं. त्या वाईट वर्षानंतर हिंदू-मुसलमान दोन्ही गल्ल्यांची पोरं एकमेकांकडं बघेनाशी झाली होती. ती पुन्हा एकत्र आली ती या चेंडूच्या मागं. वडील याचं श्रेय कधी घ्यायचे नाहीत. पण त्यांचं त्या टीमवर आमच्यापेक्षा जास्त प्रेम होतं, असं आई म्हणायची आणि ते खोटं नव्हतं.

निजामाच्या काळात सुट्टी शुक्रवारी असायची, ती पुढं रविवारी आली. मग म्याचही रविवारी आली, आणि आमच्या गल्लीतलं वाळवणही. बरोबर चार वाजता एकेका माळवदावर सुपं, चादरी, पराती घेऊन बायका चढायच्या. तुरीची डाळ, मिरच्या, कुरडया, सांडगे. काही नसलं तर घरातल्या गोधड्या. ऊन उतरायच्या वेळी वाळवण घालणाऱ्या बायका दुनियेत दुसरीकडं कुठं असतील असं मला वाटत नाही. आमच्याकडची डाळ तर तीच डाळ होती; तिला बिचारीला दर आठवड्याला वर जाऊन खाली यावं लागायचं.

पुरुषांना हे सगळं ठाऊक होतं. ज्या घरात डाळ इतकी वाळते, त्या घरातल्या माणसाला कळणार नाही का? पण कुणी बोलायचं नाही. आणि ग्राउंडात उतरलेल्यानं मान वर करून माळवदाकडं बघायचं नाही. हा नियम कुणी सांगितला नव्हता, लिहिला तर नव्हताच. एकदा बार्शीहून आलेल्या टीमचा एक पोरगा सारखा वर बघायला लागला. आमच्या कॅप्टननं चालत्या खेळात चेंडू हातात उचलला, त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ''दादा, चेंडू खाली हाय.'' फाउल झाला, पण बार्शीवाल्यांनीही तो मागितला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे त्यांच्या गावालाही माहीत असणार.

बाकीच्या बायका ओठ मिटून बघायच्या. खाला ओरडायची. तिला वरून सगळं ग्राउंड परातीसारखं दिसायचं. कुठल्या बाजूनं कोण येतंय ते मुलाच्या आधी तिला कळायचं. ''अरे बायें कू देख! भैंस के सरीका खडा क्या रे!'' असा आवाज माळवदावरून उठला की तो लांबड्या पायांचा पोरगा न बघता डावीकडं झेप घ्यायचा. चेंडू अडवला की खाली टाळ्या पडायच्या, आणि वर खाला मिरच्या उलटवायला लागायची, जणू मघाशी ओरडली ती दुसरीच कुणी. एखादा नवखा विचारायचा, ''कोण वरडलं हो?'' ''वरडलं? मला न्हाय ऐकू आलं,'' शेजारचा म्हणायचा. अख्ख्या गावाला एकाच वेळी बहिरेपण यायचं.

मग मोंढा वाढला. कळंबचा धान्याचा बाजार तेव्हा जोर धरत होता, बैलगाड्यांना जागा पुरेना. पागेची जागा मोंढ्याला गेली. वडिलांनी त्याबद्दल कुणाशी भांडण केलं नाही. त्यांनी त्याऐवजी गावाबाहेर, येरमाळ्याच्या रस्त्याला, माळावरची जागा मिळवली आणि दोन वर्षं तिच्यामागं हात धुऊन लागले. दगड वेचले, मुरूम टाकला, चहूबाजूंनी भिंत घातली. एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या केल्या. गोलचे खांब बांबूचे होते ते लोखंडी आले. सगळं गाव त्याला नवं ग्राउंड म्हणायचं. स्टेडियम म्हणणारे एकटे वडील.

आणि पायऱ्यांच्या मधोमध, जिथून सगळ्यात छान दिसतं तिथं, त्यांनी बायकांसाठी जागा राखली. भोवती लाकडी खांब, पुढं अर्ध्या उंचीची कनात, ये-जा करायला वेगळं दार. ही कल्पना त्यांची स्वतःची होती. कमिटीतल्या दोघाचौघांनी नाकं मुरडली तर वडील त्यांच्यावर कडाडले, ''त्यांनी काय जन्मभर छतावर उन्हात उभं ऱ्हायचं?'' त्या दिवशी पहिल्यांदा, चारचौघांत, एका पुरुषानं ते बोलून दाखवलं. चांगल्या मनानं बोलून दाखवलं, पण झाकलेली मूठ उघडली ती उघडलीच.

उद्घाटनाच्या म्याचला त्या जागेत एकही बाई आली नाही.

वडील घरी आले ते पायताण भिरकावतच. ''एवढं बांधून दिलं, तर बसायला येत न्हाईत! तुम्हाला म्याच बघायची नव्हती काय?''

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. ''आमी कधी म्याच बघत होतो?'' ती म्हणाली. ''आमी वाळवण घालत होतो. तुमच्या पायऱ्यांवर डाळ कशी न्यावी?''

वडिलांना वाटलं ती चेष्टा करते. ती चेष्टा करत नव्हती. माळवदावर जाताना कुणी विचारत नाही, कुठं निघालीस? येरमाळ्याच्या रस्त्याला लागलं की मोंढ्यापासून शाळेपर्यंत प्रत्येक जण विचारतो, आणि त्याला उत्तर एकच. ते उत्तर तोंडानं देणं आमच्या गल्लीत कुणालाच जमणारं नव्हतं. म्याच बघणं वाईट होतं असं नाही. म्याच बघायला जाणं अवघड होतं.

पुरुषांचंही नव्या ग्राउंडाशी जमेना, पण त्यांना कारण सांगता येत नव्हतं. सिमेंट भाजतं म्हणायचे. माळावर वारं फार, आवाज उडून जातो म्हणायचे. जुन्या ग्राउंडात लोक रेषेला उभे असायचे. चेंडू पळाला की तेही त्याच्याबरोबर पळायचे, पडायचे, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे. आता ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो शेवटपर्यंत बसलेला. आमच्या दारावरून जाणारे एक म्हातारे तेली वडिलांना म्हणाले, ''वकीलसाहेब, लई बेस केलंत. फकस्त कीर्तनाला बसल्यावानी वाटतंय.'' वडील म्हणाले, ''सवय होईल.'' ते प्रत्येकाला हेच सांगायचे. पुढं पुढं ते स्वतःलाच सांगत असावेत.

खालानं वर्षभर मुलाचा खेळ पाहिला नाही. तो घरी आला की ती विचारायची, कुठून आले, कोण आलं, तू कुठं उभा होतास? तो म्हणायचा, ''जीत गए अम्मा,'' आणि तोंड धुवायला जायचा. जिंकल्याचं एका शब्दात सांगून टाकणाऱ्या पोराचा मला राग यायचा. ती माझ्याजवळ येऊन म्हणायची, ''वकीलसाबला इच्यार ना, डावीकडनं आले का?'' मी वडिलांना विचारून यायची आणि भिंतीपलीकडं सांगायची. सांगितलेल्या खेळाला काय चव असते? पण ती जेवल्यासारखी ऐकायची.

मग त्याला सोलापूरच्या गिरणीत काम लागलं. गिरणीची स्वतःची टीम होती, त्यांना उंच गोलकीपर हवा होता. जायच्या आदल्या रविवारी त्याची गावातली शेवटची म्याच ठरली, तीही बार्शीबरोबर. खाला माळवदावर येऊन बसली. खाली मोंढ्यात पोती उतरत होती. तिकडं बघत ती म्हणाली, ''एक बार देखना है. फिर नै दिखेगा.''

मी तेव्हा शेवटच्या इयत्तेत होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी म्हटलं, आपण जायचं. आईलाही न्यायचं. कोण काय विचारतं ते मी बघते. आई आधी मला ओरडली, मग लुगडं बदलायला आत गेली. रस्त्यात तिघाचौघांनी विचारलंच. मी प्रत्येकाला खणखणीत सांगितलं, ''म्याचला!'' खाला बुरख्यातून माझा हात घट्ट धरून चालत होती, आणि मला वाटत होतं आपण फार मोठं काही करतोय.

वडिलांना कळल्यावर त्यांचे पाय जमिनीला लागेनात. ते पुढं धावले, बायकांची जागा झाडून घेतली, पाण्याचा माठ ठेवला, शाळेतून तीन खुर्च्या आणवल्या. आम्ही टेकलो न टेकलो तोच लाउडस्पीकर खरखरला. वडिलांचाच आवाज होता, आनंदानं भरून आलेला. ''आज आपल्या स्टेडियममधे प्रथमच आपल्या माता-भगिनी उपस्थित आहेत. आपल्या गोलकीपरच्या मातोश्रीही आलेल्या आहेत. त्यांचं आपण टाळ्यांनी स्वागत करू.''

सगळं ग्राउंड वळलं. पायऱ्यांवरचे वळले, रेषेवरचे वळले, बार्शीवाले वळले. टाळ्या पडल्या. इतकी वर्षं ज्यांनी एकदाही मान वर केली नव्हती, ती सगळी माणसं आदरानं आमच्याकडं बघत होती. खालानं बुरखा आणखी पुढं ओढून घेतला. मला त्या क्षणी वडिलांचा इतका राग आला की सांगता सोय नाही, आणि त्यांचा तो फुललेला चेहरा बघून तितकंच रडूही आलं.

म्याच चांगली झाली. इतकी चांगली म्याच माळवदावरून कधी दिसली नव्हती. चेंडूचा टप्पा ऐकू येत होता, पोरांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. खाला बुरख्याच्या जाळीतून बघत होती, हलत नव्हती. उतरत्या उन्हात बार्शीचा एक पोरगा डावीकडून सुटला. मला दिसला, म्हणजे तिला केव्हाच दिसला होता. तिनं माझ्या मनगटात नखं रुतवली. बुरख्याआड तिचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. तोंड उघडलं असेल, कोण जाणे. आवाज निघाला नाही. तिचा मुलगा उजवीकडं बघत उभा होता.

एकाच गोलनं आपण हरलो. वडील म्हणाले, खेळात असं व्हायचंच.

दिवेलागणीला मी खालाबरोबर तिच्या घरी बसले होते. तो आला, बूट काढले, भिंतीला टेकून बसला. हरल्याचं दुःख वेगळं असतं. हे तसं दिसत नव्हतं.

''अम्मा, तुम आए नै,'' तो म्हणाला. ''वकीलसाब लाउडस्पीकर पे बोले, मैं समझा आए. पूरा टाइम कान लगाको बैठा मैं.''

''आई थी.''

''तो चिल्लाए कायकू नै?''

वडील तेवढ्यात मला न्यायला दारात आले होते. मुलाला सोलापूरला न्यायला पेढ्यांचा पुडा आणला होता, आत हाक मारणार तोच हे ऐकून उंबऱ्यापाशी थबकले. खालाला ते दिसले नाहीत. ती बुरख्याची घडी घालत होती. तिनं ती नीट घातली, मांडीवर ठेवली, आणि मुलाला समजूत घातल्यासारखं म्हणाली,

''दूसरे के घर जाको चिल्लाते क्या रे, बेटा?''