ऊन लागू दिलं नाही

युसूफ वडगावात आबासाहेबांच्या बायकोला दिवसाउजेडी पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती, आणि आबासाहेबांना त्याचा मोठा अभिमान होता. लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या ओट्यावर, कुठेही चार माणसं जमली आणि बायकापोरांचा विषय निघाला की मिशीवरून हात फिरवत ते म्हणायचे, "आमी घरच्या बाईला उन्हाची झळ लागू दिली न्हाई कधी." ऐकणारे माना डोलवायचे. ज्यांच्या बायका त्याच वेळी दुसऱ्याच्या कापसात वाकलेल्या असायच्या, ते जरा जास्तच डोलवायचे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कधी दारूला शिवले नाहीत, बायकोवर हात उगारला नाही. कोर्टाच्या तारखेला बीडला गेले की येताना लुगडं आणायचे, आणि ते नेमकं तिच्या आवडीच्या रंगाचं निघायचं. गावात पहिला गॅस त्यांच्याकडे आला, पहिला नळ त्यांच्या मोरीत आला. सरपणाला जायला नको, पाण्याला जायला नको. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा खिडक्यांना काळ्या काचा बसवल्या. स्वयंपाकघर मधोमध घेतलं, त्यामुळे तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे. "थंडगार राहतंय," आबासाहेब पाहुण्यांना हात लावून भिंत दाखवायचे. पाहुणे तरी काय करतील, तेही भिंतीला हात लावून हो म्हणायचे.

केसरबाई परळीकडच्या एका वाडीवरच्या. माहेरची जमीन थोडी, पण पोरगी रानात वाढलेली. बोरीवर चढायची, हरभऱ्याचे टहाळ खात बांधाबांधानं हिंडायची, पंचमीला फुगडी धरली की समोरची गरगरून खाली बसेपर्यंत सोडायची नाही. लग्न होऊन आली ती या घराच्या उंबऱ्याच्या आत, आणि आतच राहिली.

तिनं मागितलं असेल तर एकच. येळवस आली की गावातली सगळी घरं रानात रिकामी व्हायची. मार्गशीर्षातली अमावास्या, ज्वारी कमरेला लागलेली, कडब्याची खोप करून तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आणि मग डाळी-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या खाऊन दिवसभर उन्हात लोळायचं. बाया, पोरं, म्हातारी माणसं, सगळी. याच घराची रीत निराळी. इथल्या बायकांनी आदल्या दिवसापासून रांधायचं, आणि अन्न तेवढं रानात जायचं. तिथे आबासाहेबांच्या पंगतीला साहेब लोक असायचे, पुढारी असायचे, तालुक्याची पाहुणेमंडळी असायची. परक्या पुरुषांत आपली बाई कशी न्यायची?

"मी येऊ का औंदा?" केसरबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"तू कावून उन्हात तळायलीस? इथं काय कमी हाय तुला?"

दुसऱ्या वर्षी विचारलं, तिसऱ्या वर्षी विचारलं. मग सून यायच्या सुमाराला कधीतरी विचारायचं थांबल्या. कधी थांबल्या ते आबासाहेबांच्या ध्यानातही आलं नाही. संध्याकाळी रिकामी भांडी परत आली की भज्जीच्या पातेल्याच्या कडेला लागलेलं भाकरीनं पुसून केसरबाई चुलीपाशी बसून खायच्या, आणि कोण कोण आलं होतं, काय काय आवडलं, हे हौसेनं विचारायच्या.

घरात दुभतं बारा महिने. पण दुधाचीही एक वाट ठरलेली होती. आधी डेअरीचं माप, मग पोरं, मग आल्यागेल्याचा चहा, मग विरजण. केसरबाईंची पाळी येईपर्यंत पातेल्याला साय चिकटलेली असायची. त्या कोरा चहा प्यायच्या. "आमच्या हिला कोराच लागतो," आबासाहेब कौतुकानं सांगायचे, आणि सांगून सांगून त्यांना ते खरंही वाटू लागलं होतं.

एका वर्षी म्हैस व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली. मान पोटाकडे वळवून बसली ती उठेना. आबासाहेब जेवणावरून तसेच उठले, मोटारसायकल काढली, गुरांच्या डॉक्टरला घेऊन आले. कॅल्शियमची बाटली शिरेतून चढवली. बाटली स्वतः आबासाहेबांनी हातात धरून ठेवली होती, खांदा भरून आला तरी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. घटकाभरात म्हैस अंग झटकून उभी राहिली. पुढे कितीतरी दिवस ते गावाला शिकवत होते, "दूध देणाऱ्या जनावराच्या हाडातलं मीठ दुधावाटे जातंय. ते भरून द्यावं लागतंय, न्हाईतर जनावर बसतंय." त्याच दिवसांत केसरबाई उठताना गुडघ्यावर हात रोवून उठू लागल्या होत्या. पाठीत थोडा बाक आला होता. आबासाहेबांनी त्यांना बीडहून मलमाची डबी आणून दिली. म्हशीचं कळणाऱ्या माणसाला बायकोचं कळलं नाही, याला काय म्हणावं? राग येतो, पण आता कुणावर काढणार!

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी केसरबाई देवघरात पडल्या. पडल्या म्हणजे काय, ओल्या फरशीवर पाय जरासा सरकला आणि त्या भिंतीला टेकत खाली आल्या. लहान लेकरू पडलं असतं तर हसत उठलं असतं. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

अंबाजोगाईला हाडाच्या डॉक्टरांनी सळई घालून हाड बसवलं. चार दिवसांनी त्यांनी आबासाहेबांना आणि सुनेला समोर बसवून फोटो उजेडावर धरला. सून राजनंदिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, नोकरीपायी स्कुटीवरून उन्हातान्हात हिंडणारी. ती पुढे होऊन बघू लागली. आबासाहेबांना फोटोतलं काही कळलं नाही.

"हाडं पार पोकळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "बाई दूध घेतात का?"

"घरी तीन म्हशी हायत," आबासाहेब म्हणाले.

"म्हशी आहेत, पण बाई घेतात का?"

राजनंदिनीनं मान हलवली. डॉक्टरांनी पुढे विचारलं, "चालणं-फिरणं? उन्हात जाणं होतं का काही?"

आबासाहेब खुर्चीत ताठ झाले. इतका वेळ दवाखान्यात त्यांना आपल्याला काहीच येत नाही असं झालं होतं. हा प्रश्न मात्र त्यांचा होता. त्याचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं.

"न्हाई न्हाई डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "उभ्या जन्मात उन्हाची झळ लागू दिली न्हाई."

डॉक्टर तरुण होते, पण उद्धट नव्हते. त्यांनी फोटो खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "काका, तेच झालंय. अंगाला ऊन लागलं तर खाल्लेलं कॅल्शियम हाडाला पोचतं. यांना दूधही नाही आणि ऊनही नाही. हे हाड सांधेल, पण बाकीची हाडं जपायला हवीत. गोळ्या देतो. रोज सकाळी उन्हात बसवा. आता पहिल्यासारखं होणार नाही, पण आहे ते टिकवता येईल."

बाहेर आबासाहेब बाकावर बसले. राजनंदिनीनं चहा आणला. त्यांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "तिला कोरा चहा आवडतो ना गं?"

"आबा," राजनंदिनी म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा त्यांच्या चहात दूध घातलं होतं. दोन्ही हातांनी कप धरून प्यायल्या. मग म्हणाल्या, पुन्हा घालू नगं, दह्याला कमी पडंल."

कप तसाच निवून गेला.

घरी आल्यावर त्यांनी आधी काळ्या काचा काढून टाकल्या. सुतार म्हणाला, राहू द्या, भारी माल आहे. आबासाहेब त्याला असं काही बोलले की तो मुकाट्यानं पटाशी घेऊन कामाला लागला. डेअरीचं माप अर्ध्यावर आणलं. रोज सकाळी स्वतः पेला भरून केसरबाईंपुढे धरू लागले. तीळ भाजून वाटीत ठेवू लागले. परसातल्या शेवग्याचा पाला आजवर शेळ्यांनी खाल्ला होता, तो ते निवडून सुनेच्या हाती देऊ लागले. गावातल्या रिकामटेकड्यांना चांगला विषय मिळाला. आबासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

पण शरीर काही हुकूम पाळत नाही. दूध केसरबाईंना सोसेना, पोट फुगायचं, मळमळायचं. "उगं सवय न्हाई," त्या ओशाळून म्हणायच्या, जणू त्यांचाच गुन्हा. सकाळी अंगणात खुर्ची टाकली की त्या रस्त्याकडे पाठ करून बसायच्या, पदर पार नाकापर्यंत ओढायच्या. ऊन पडायचं ते लुगड्यावर. कुणी जाताना दिसलं की म्हणायच्या, "आत घ्या मला. लोकं बघायलीत."

"बघू दे की!"

"तुमीच म्हणायचाव ना, की बाईमाणसानं..." एवढं म्हणून त्या थांबायच्या.

मग आबासाहेबांनी मनाशी एक गोष्ट धरली. येळवशीला केसरबाईला रानात न्यायचं. तिथे रस्ता नाही, बघणारं कुणी नाही. यंदा साहेब लोक नकोत, पुढारी नकोत. एवढं एक झालं तर, त्यांना वाटायचं, निदान हिशेबात काहीतरी आपल्याही बाजूला राहील. त्यांनी मुलाला, अमरसिंहला सांगून बांधावरची वाट मुरूम टाकून सारखी करून घेतली. खोप स्वतः बांधली. मग केसरबाईंना सांगितलं.

"मला?" त्या म्हणाल्या. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "तिळाच्या पोळ्या मी लाटते. मला पोळपाट जवळ दे." आणि पलंगावर बसल्या बसल्या, दर पोळीला थांबत, त्यांनी लाटल्या.

येळवशीच्या दिवशी गाडी थेट बांधापर्यंत नेली. तिथून अमरसिंह आणि आबासाहेबांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. आबासाहेबांच्या हाताला वजन लागलं ते इतकं कमी, की त्यांनी घाबरून खाली वाकून बघितलं. खोपीपुढे मोकळ्या जागी खुर्ची ठेवली. ज्वारी वाऱ्यानं हलत होती. लांब कुठेतरी कुणीतरी रीतीप्रमाणे पिकावर आंबील शिंपडत ओरडत चाललं होतं.

केसरबाईंनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी येत होतं, उजेडाचं की कशाचं ते आबासाहेबांना कळलं नाही.

"हीच का विहीर?" त्यांनी विचारलं. "हिच्यासाठी म्या दरसाली निवद भरून दिला."

"हीच."

"लई मोठी हाय की. आन् त्ये चिंचंचं?"

"त्ये आपलंच."

त्या एकेक विचारत होत्या आणि आबासाहेब सांगत होते. सगळा संसार ज्या रानावर चालला ते रान ते स्वतःच्या बायकोला पहिल्यांदा दाखवत होते. मध्येच ते पूजेच्या ताटाशी उगाच काहीतरी करू लागले. एकदा वळून बघितलं तर केसरबाईंनी पदर मागे सारला होता, कपाळ उघडं टाकलं होतं. त्यांना वाटलं, जमलं. उशिरा का होईना, जमलं.

पण थोड्याच वेळात केसरबाईंनी हाक मारली. "अवो, लई टोचायलंय. गरगरायलंय मला. सावलीला घ्या."

"थोडं बस की. डॉक्टरनी सांगितलंय ना."

"बसले असते हो," त्या म्हणाल्या. "पर सवय न्हाई राहिली."

त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. आबासाहेब पटकन त्यांच्यापुढे उभे राहिले, आपली सावली त्यांच्यावर पडेल असे. अमरसिंह आला, दोघांनी खुर्ची उचलली आणि खोपीच्या तोंडाशी, पांडवांच्या शेजारी कडब्याच्या सावलीत ठेवली. राजनंदिनीनं पाणी दिलं. केसरबाईंनी डोळे मिटून मान मागे टेकली. बोरीवर चढणारी ती पोरगी कुठल्या वर्षी, कुठल्या दुपारी संपली, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

जेवणं सुरू झाली तेव्हा शेजारच्या रानातून गहिनीनाथ आले. आबासाहेबांचे लहानपणचे दोस्त. येळवशीला एकमेकांच्या रानात घास खायची रीतच आहे. ते आबासाहेबांशेजारी मांडी घालून बसले, उंडा भज्जीत कुस्करला आणि मग त्यांना खोपीतल्या केसरबाई दिसल्या. इतक्या वर्षांची ओळख, पण वहिनींना ते असे पहिल्यांदाच बघत होते. त्यांना बरं वाटलं. मनापासून, चांगुलपणानं ते म्हणाले,

"बघा, रानात आणलं तरी सावलीतच बसवलं. वहिनी, नशीबवान हाव तुमी. आमच्या आबानं तुमाला उन्हाची झळ लागू दिली न्हाई कधी."

आबासाहेबांनी बायकोकडे बघितलं. तिनं टोचून बोलावं, निदान तोंड फिरवावं, असं त्यांना त्या क्षणी फार वाटलं. ते त्यांनी सोसलं असतं.

केसरबाईंनी पदर पुन्हा डोक्यावरून पुढे ओढून घेतला. मग हसल्या. त्या हसण्यात खोट नव्हती.

"व्हय भावजी," त्या म्हणाल्या. "लई जपलं मला."

आबासाहेबांनी हातातला घास पानात ठेवला.