एटनाने दिलेला शेक

गंधकाचा वास अजून गेलेला नाही. लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या घराच्या मागच्या पायरीवर बूट उपडे केले की अजूनही चिमूटभर काळी रेती सांडते, आणि सकाळच्या ओलसर उन्हात, लॅव्हेंडरच्या मंद गंधात, नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा तो उग्र दर्प मिसळतो. मी तो छातीभर घेते. कमावलेला वास आहे तो.

सुरुवात जिन्यापासून झाली. जन्मभर इथल्या हॉस्पिटलात लोकांची हाडं सांधून निवृत्त झालेल्या माझ्या यजमानांनी, माझा गुडघा बदलल्यावर, माझ्या पायाचा आणि घराचा निकाल परस्पर लावून टाकला. हे घर विकायचं, बेसिंगस्टोकला लेकाजवळ तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा. फ्लॅटचं गुळगुळीत ब्रोशर टेबलावर आलंसुद्धा. ज्या जिन्याच्या वरच्या खिडकीतून सफरचंदाचं झाड प्रत्येक ऋतूत निराळं दिसतं, तो जिना मला सोडायचा नव्हता. वाद घालून उपयोग नव्हता. त्यांच्याकडे एक्स-रे होते. म्हणून मी पैज लावली.

"अहो, एटना ज्वालामुखीच्या मुखापर्यंत चालत जाऊन दाखवते. गेले, तर फ्लॅटचा विषय बंद."

"ओके, डन," ते हसत म्हणाले. "पण नी सपोर्ट घालायचा हं." मी अर्ध्यातून परत येणार याची त्यांना खात्रीच होती.

जूनमध्ये इटलीतल्या सिसिलीला गेलो. पायथ्याच्या राखीव अरण्यात पिवळ्या फुलांची झुडपं ऐन बहरात होती आणि लाव्हाच्या थिजलेल्या ओघळांवर पांढऱ्या सालीचे बर्च असे निवांत उभे होते, जणू त्या आगीशी त्यांचा काही संबंधच नाही. वर वर जाताना हिरवं मागे पडत गेलं, मग पिवळंही, आणि शेवटी काळ्या उतारावर फक्त ठिपक्यांचे लाल लेडीबर्ड किडे उरले. केबल कारच्या वरच्या स्टेशनवर यजमान थांबले, दुर्बीण आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन. ती पिशवी पाहूनच माझं डोकं फिरलं.

त्या रेतीत पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. वरून ढग उतरू लागले तेव्हा आमची वाटाडी, ग्रात्सिया नावाची उंच, अबोल बाई, माझ्या गुडघ्याकडे पाहून म्हणाली, "इथून परत गेलात तरी चालेल. पुढे मात्र थांबता येणार नाही." गुडघा ठणकत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. पण साताऱ्याच्या ज्या काळ्या दगडावर मी चालायला शिकले, तोही कधीकाळी असाच लाव्हा होऊन वाहत आला होता. परक्या डोंगरावर नव्हतेच मी. "चला," मी म्हटलं, आणि मान खाली घालून चालू लागले.

मग अचानक चढ संपला. समोर पृथ्वी उघडी होती, वाफा फेकत, खोल कुठेतरी घशातून गुरगुरत. मी हात वर करून अशी ओरडले की ग्रात्सिया पहिल्यांदा हसली. तिने बोट दाखवलं: आधी मुख तिकडे होतं, आता इकडे आहे, पुढे कुठे असेल कोण जाणे. मी नमस्काराला वाकले, नवा गुडघा जमिनीला टेकला, आणि जमीन गरम होती! गॅस बंद केल्यावर तवा असतो तशी. ती ऊब हळूहळू हाडापर्यंत उतरली. साक्षात ज्वालामुखी माझ्या गुडघ्याला शेक देत होता. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

खाली आले तेव्हा यजमानांच्या डोळ्यांभोवती दुर्बिणीचे वळ उठले होते.

"तू मध्ये स्टॉप झालीस ना, तेव्हा मला ब्रेथच घेता येईना," ते म्हणाले, आणि घाईघाईने पिशवी पुढे केली. "आता शेक देऊ?"

"घेऊन आले," मी म्हटलं. तरीही पिशवी मात्र घेतली.

आता मागच्या दारात ते ब्रोशर अंथरलेलं असतं आणि त्यावर माझे बूट. ते तिथे यजमानांनीच ठेवले. रोज जिना चढून मी खिडकीशी उभी राहते. झाडाला हिरवी सफरचंदं धरली आहेत. डोंगरालासुद्धा आपलं मुख बदलावं लागतं, तेव्हा हे घरही एक दिवस सुटेल, हे मला कळतं. पण त्या दिवशी हा जिना मी माझ्याच पायांनी उतरेन.