मांजरपाटावर तपासलेली लिंक

मुलीला अकरावीला लातूरला घातलं आणि तिच्यामागोमाग मीही नांदेडचं दुकान बंद करून आले. दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतली शिलाई मशीन, पण आसपासच्या गल्ल्यांतल्या बायका म्हणायच्या, भाभीचं माप चुकत नाही. या एका वाक्यावर माझी वीस वर्षं गेली होती आणि मला त्याचा गर्व होता, उगाच नाही कशाला म्हणू.

लातूरात आमच्यासारख्या आयांची कमी नव्हती. पोरांनी क्लासला जायचं, आयांनी भाड्याच्या एका खोलीत दोन वर्षं त्यांचे डबे रांधायचे. आमच्या मालकांची इमारत भूकंपानंतरची, पक्क्या कॉलमांची, हे भाडं सांगताना ते प्रत्येकीला ऐकवत. मशीन खोलीत आणू का विचारलं, तर म्हणाले, "इथं पोरं अभ्यास करून राहिलीत. खडखड चालणार न्हाई." पोरं दिवसभर क्लासला असतात, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यापेक्षा त्यांच्या पक्क्या कॉलमांना सांगितलं असतं तर बरं.

हात रिकामे राहिले की माझं डोकं फिरतं. मुलीनं ते ओळखलं आणि एका रविवारी मला फोनवरचा धंदा समजावला. दुसऱ्यानं तयार केलेली वस्तू, म्हणजे एखादा कोर्स, एखादी पीडीएफ, आपण लोकांना सुचवायची. आपल्या लिंकवरून कुणी घेतली की आपल्याला कमिशन. मग काय सुचवायचं, हे शोधायला बसले. स्मरणशक्ती वाढवा, तीस दिवसांत इंग्रजी, घरबसल्या शेअर बाजार. यातलं मला काहीच कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची माझी तयारी नव्हती. शेवटी ब्लाउजच्या कटिंगचे नमुने सापडले. कागदावर छापायचे, कापायचे, कापडावर ठेवून आखायचे. हे तर माझ्या घरचंच.

असे नमुने विकणारे दोघं होते. हा धंदा शिकवणारा एक व्हिडिओवाला म्हणत होता, नवख्यानं कमिशन बघावं. मी बघितलं, ज्याचं जास्त तो निवडला आणि इमारतीतल्या आयांच्या ग्रुपवर लिंक टाकली. खाली लिहिलं, 'माप चुकणार नाही.'

सगळ्यात आधी घेतलं ते लातूरजवळच्या मुरुडच्या ताईंनी. त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. दर शनिवारी गावाला जायच्या, तिथं त्यांची मशीन होती. शेतात राबून राबून खांदे मजबूत, बोलणं त्याहून मजबूत. भावानं भाऊबीजेला दिलेला खण त्यांनी त्या नमुन्यावर कापला. सोमवारी परतल्या त्या थेट माझ्या दारात. ब्लाउज छातीला बसत नव्हता, हुक लागायचं तर लांबच.

"माह्या भावाचं कापड होतं, भाभी," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते. त्या ब्लाउजची पिशवी ठेवून निघून गेल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रेशमाला कात्री लावण्याआधी तो बेत स्वस्तातल्या मांजरपाटावर कापून बघायचा, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी सांगत आले. आणि स्वतः? फोनवरची वस्तू म्हणून कात्रीसुद्धा हातात घेतली नव्हती. दुपारी बाजारातून मांजरपाट आणलं, दोन्ही विक्रेत्यांचे नमुने, ताईंनी काढले होते त्याच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले आणि खोलीच्या फरशीवर पसरले. दुसऱ्या नमुन्याच्या पहिल्या पानावर चार इंचाचा एक चौकोन होता. शेजारी लिहिलेलं, आधी हा मोजा. मी टेप लावली. चौकोन सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी.

चार इंचाला एक सूत, तर छत्तीस छातीला नऊ सूत. एक इंचाच्या वर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथं अंगण खरंच वाकडं निघालं होतं. झेरॉक्सवाल्याकडे गेले तर तो शांतपणे म्हणाला, "मावशी, क्लासच्या नोट्स कडंला कटतात म्हणून आम्ही समदंच जरा बारीक करून काढतो. कोन्या पोरानं आजवर तक्रार न्हाई केली." नोट्स बारीक झाल्या तरी वाचता येतात, बाईची छाती बारीक करता येत नाही, असं मी त्याला तिथंच सुनावलं. त्यानं मुकाट पूर्ण मापात काढून दिलं.

पूर्ण मापातही पहिल्याचा नमुना जमला नाही. काखेचा मुंढा आणि बाही एकमेकांना भेटेचनात. त्याला मेसेज केले, उत्तर नाही. दुसरा नमुना मी कच्च्या टाक्यानं हातशिलाई करून अंगावर चढवला. मापात बसला. तो बनवणाऱ्या बाईंना एक शंका विचारली, तर संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. कमिशन निम्मं होतं. मी ग्रुपवर लिहिलं की पहिली लिंक काढली आहे, न तपासता टाकली ही चूक माझी, आणि ही दुसरी मी कापून, घालून पाहिली आहे. झेरॉक्सवाल्याला काय सांगायचं तेही लिहिलं. चूक माझी, हे दोन शब्द लिहायला मला सगळा नमुना कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

 मुरुडच्या ताई नळावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या हातावर इस्वास हाय माहा. लिंकवर न्हाई. तुम्ही कापून द्या."

कापून देणं सोपं होतं. पण मग लिंक काय कामाची? मी म्हटलं, "ताई, मी कापणार नाही. तुम्हीच कापा, तुमच्या गावात, मी नसताना. बिघडलं तर पुन्हा कुणाला काही सुचवणार नाही."

 शनिवारी पुतणीच्या लग्नात नेसायची पैठणी पिशवीत घालून ताई बसला निघाल्या. आधी मांजरपाटावर कापा म्हणून मी ओरडले, पण त्या पुढे गेल्या होत्या. रविवार मला खायला उठला. मुलगी म्हणाली, अम्मी, परीक्षा माझी आहे.

सोमवारी सकाळी व्हरांड्यात आवाज झाला. दार उघडलं तर ताई उभ्या होत्या, पैठणीवरचा नवा ब्लाउज घालून, आणि दोन्ही हात सरळ आभाळाकडे. नवा ब्लाउज असाच बघतात. हात वर केले की कंबरेपासून उचलला जाता कामा नये, काखेत ओढता कामा नये. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. कुठं एक चुणी नव्हती. बाकीच्या आया दारादारांत येऊन उभ्या राहिल्या, आणि मी आनंदानं उगाच आणखी एक फेरी मारली.

"हात खाली घ्या आता," मी म्हटलं.

"राहू द्या जरा, बघू द्या समद्यांना," ताई म्हणाल्या. "आन् ती लिंक पाठवा. मुरुडच्या पाच बाया मागून राहिल्यात. मी सांगितलं त्यास्नी, भाभीनं घालून बघितलंय."