दुसऱ्यांदा विचारायची रीत

आमच्या डोणगावात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. जेवणाच्या वेळी तुम्ही कुणाच्या घरी टपकलात आणि घरधनी "या जेवायले" म्हणाला, की "आताच जेवलो" म्हणायचं. पोटात कावळे ओरडत असले तरी. तो म्हणतो, "थोडंसं." आपण म्हणायचं, "नाही हो, खरंच." तिसऱ्या वेळी तो हाताला धरून बसवतो आणि आपण उपकार केल्यासारखं तीन भाकरी हाणतो. यात खोटं कुणी बोलत नाही. ही रीत आहे.

नांदुऱ्यात ती कुणीच पाळली नाही, आणि त्याचा मला आलेला राग बरेच दिवस गेला नाही.

तेविसाव्या वर्षी मी नांदुऱ्याला ट्रॅक्टरच्या एका शोरूममध्ये सुट्या भागांच्या काउंटरवर लागलो. मुळात मी घुम्या. गिऱ्हाइकानं फिल्टर मागितला की फिल्टर द्यायचा, एवढं संभाषण मला उत्तम जमे. त्यापुढे कुणी "काय म्हणता, बरं आहे ना?" विचारलं, की मी गडबडून आणखी एक फिल्टर काढून द्यायचो.

पहिल्या दुपारी मागच्या वर्कशॉपमध्ये पोती अंथरून सगळे जेवायला बसले. डोक्यावर जाळीची टोपी घालणाऱ्या थोरल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत. त्यांनी हाक दिली, "ये बेटा, बस जेवायले."

"नाही चाचा, मी जेवून आलो," मी रीतीप्रमाणे म्हणालो आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभा राहिलो.

चाचांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी मोडली.

आता सांगा, काय करायचं होतं मी? पिशवीत खाणावळीचा भरलेला डबा, आणि तोंडानं जेवून आलो म्हणालेलो. दुसऱ्या दिवशी तर कुणी विचारलंच नाही. हा जेवून येतो, हे आता सगळ्या शोरूमला माहीत झालं होतं.

खोलीवर तरी कोण होतं? एका रविवारी मी मोजलं, दिवसभरात माझ्या तोंडून दोनच शब्द निघाले होते, "अर्धा लिटर." तेही दूधवाल्याला. फोनवर थोरला भाऊ म्हणे, "लोकांत मिसळत जा ना बे." मिसळत जा म्हणे. जसं काही मी डाळीतलं मीठ. कसं मिसळायचं ते मात्र हे लोक कधी सांगत नाहीत. पोहता न येणाऱ्याला काठावरून "पोहत जा" सांगणारी ही जात.

तीन महिने मी बसस्टँडच्या बाकावर प्रवाशासारखा चेहरा करून डबा खाल्ला. खामगावच्या गाडीचा कंडक्टर रोज विचारायचा, "खामगाव का?" मी रोज मान हलवून नाही म्हणायचो. एका दुपारी तो वैतागला.

"रोज बसता, कुठीच जात नाही. कोन्त्या गाडीची वाट पाहून राह्यले?"

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगण्यापेक्षा मला बसमध्ये चढणं सोपं वाटलं. चढलो. उघडा डबा हातात धरून मी खामगावच्या दिशेनं निघालो आणि "उतरायचंय" म्हणायचा धीर येईपर्यंत निम्मा रस्ता मागे पडला होता.

परत पोचायला साडेचार वाजले. काउंटरवर माझ्याहून जुना एक जण होता, त्याला मी दादा म्हणायचो. तो आणि चाचा दारातच उभे.

"कुठी व्हता बे?" दादानं विचारलं.

"जेवायले गेलतो."

"तू त जेवून येतो ना?"

सलग तीन वाक्यं कधी न बोललेला मी तिथं फुटलो. "तुमी दुसऱ्यांदा काऊन नाही विचारलं? एकडाव विचारून सोडून देतात काय मानसाले? आमच्या गावात कुत्र्यालेही दोनदा बोलावतात."

दादा हसत सुटला. "अबे, तू जेवलो म्हनला त आमी मानलं. मानसाचं बोलनं खरं धरू नाही काय?"

चाचा हसले नाहीत. चिंधीनं हात पुसत होते. "बेटा, मले वाटलं तुले माह्या डब्याजवळ बसायचं नसन. असते कोनाकोनाचं तसं. म्हनून म्या पुन्हा म्हटलं नाही. उगी तुले अवघड."

तीन महिने जो राग मी नांदुऱ्यावर काढत होतो तो तिथून उठला आणि त्या 'कोनाकोना'वर गेला. माझ्या आधी कुणीतरी हेच शब्द म्हणून, "जेवून आलो" म्हणून, चाचांच्या डब्यापासून खरोखर लांब बसलं होतं. माझं साधंसुधं लाजरं खोटं त्या लोकांनी नासवून ठेवलं होतं. आणि मी बावळट तेच उचलून चाचांच्या तोंडावर मारून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी एक वाजायच्या आत मी वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो. बोलावलं कुणी नव्हतं. चाचांनी डबा उघडताच मी त्यातल्या वांग्याकडे हात नेला.

"ऑइलचे हात हायेत. धुऊन ये आधी," चाचा म्हणाले.

धुऊन आलो तोवर त्यांनी सरकून जागा केली होती. वांगं झणझणीत होतं. असलं वांगं तीन महिने रोज माझ्यापासून दहा पावलांवर खाल्लं जात होतं, या विचारानं माझं डोकं पुन्हा तापलं.