साडूचा गणवेश आणि माझं औक्षण

मी माझ्या साडूवर अजिबात जळत नाही. जळायला वेळ कुठे आहे? सगळा जन्म हिंजवडीच्या ऑफिसला जाण्या-येण्यात चाललाय!

शिरीष प्रवासी विमान चालवतो. तेवढ्यावर माणसानं थांबावं की नाही? पण हा प्रादेशिक सेनेतही आहे! दरवर्षी लष्करी शिबिराला जातो आणि त्याची विमान कंपनी ती रजा चक्क नोकरीत धरते. फंड चालू, ग्रॅच्युइटी चालू! (मी मूळव्याधीच्या ऑपरेशनला रजा मागितली, तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, “लॅपटॉप नेताय ना?”)

“भाऊजींची रजासुद्धा देशाच्या कामी येते,” माझी बायको मंजू म्हणते.

“आणि माझी?”

“सोफ्याच्या.”

यंदा शिबिराला निघताना शिरीष आमच्याकडे मुक्कामाला होता. सकाळी कडक इस्त्रीचा गणवेश हँगरला लावून तो आंघोळीला गेला. त्याला ओवाळायला सासूबाई मुद्दाम कसबा पेठेतून येणार होत्या. मला त्यांनी शेवटचं ओवाळलं ते दिवाळसणाला! मला फार लागलं ते.

मी शर्ट नुसता अंगाला लावून बघितला. मग हात घातले. मग पँट चढवली. ती बिचारी मुकाट्यानं चढली, पण मी आरशासमोर सॅल्यूट ठोकला आणि मागून आवाज आला. टर्रर्र!

तेवढ्यात बेल वाजली. मंजूनं दार उघडलं आणि सासूबाई तबक घेऊन थेट माझ्यासमोर. (मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्याला काळा चष्मा.)

“हलू नका हं, शिरीषराव.”

मी पोट आत घेऊन, पाठ भिंतीला लावून उभा राहिलो. कुंकू लागलं, अक्षता पडल्या.

“जपून राहा. आमचे धाकटे जावई बघा, हिंजवडीला निघाले तरी सीमेवर निघाल्यासारखा डबा बांधून घेतात!”

“आई, माझा गणवेश...” टॉवेल गुंडाळलेला शिरीष दारातच थांबला. “सुधीर, दुसऱ्यानं हा घालणं गुन्हा आहे.”

“आणि फाटलाय,” मंजूनं मागून पाहणी करून सांगितलं.

नशीब, ट्रंकेत दुसरा गणवेश होता. तो चढवून शिरीष गेला. मी हळूच विचारलं, “आई, चष्म्यामुळे ओळखलं नाहीत ना मला?”

“न ओळखायला काय झालं? शिरीषरावांना पोट कुठंय? पण म्हटलं, एवढे नटलाय, तर घ्या ओवाळून.”

मी उतरवलेली पँट मंजूनं माझ्या हातात ठेवली. “आजच्या आज रफू करून आणा.”

मग मीही ऐटीत साहेबांना कळवलं, ‘लष्करी कामासाठी एक दिवस रजा हवी.’

उत्तर लगेच आलं. ‘लॅपटॉप नेताय ना?’